खाऱ्या वाऱ्यातली गाडी: डांबर, तेल की सिरॅमिक?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्याहून गोव्यात मांद्र्याला राहायला आलात, घरापासून समुद्र चालत पाच मिनिटांवर, गाडी पाच वर्षांची. इथे येऊन वर्ष होतंय तोवर डाव्या दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलेला दिसला. सासरे म्हणतात, खालून डांबर मारून घ्या. शोरूममधला मुलगा सिरॅमिक कोटिंगचं पॅकेज पुढे करतो. कॅनडातला मेहुणा सांगतो, आम्ही दर हिवाळ्याआधी गाडीखाली तेल फवारून घेतो, तेच कर. आता तिघांपैकी कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

एका ओळीत सांगायचं तर मेहुण्याचं बरंचसं ऐका, सासऱ्यांचं जपून, आणि सिरॅमिकचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. पण एवढ्यावर भागणार नाही. मी म्हापशाच्या बाजूला गेली 27 वर्षं पत्र्याचं आणि रंगाचं काम करतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण 'काय लावू' हेच विचारतो. गाडीत पाणी कुठे थांबतं, हे विचारणारा क्वचितच भेटतो. गंजाचं सगळं गणित मात्र तिथेच आहे.

आधी मेहुण्याच्या गाडीबद्दल. थंड देशांत रस्त्यावर मीठ टाकतात, कारण मिठामुळे पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही. थंडी फारच वाढली, साधारण उणे दहाच्या पलीकडे गेली, की साध्या मिठाचं फारसं चालत नाही. मग कॅल्शियम क्लोराइड नाहीतर मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. तो खारा चिखल चाकांनी उडतो आणि गाडीच्या पोटाला चिकटतो. म्हणजे तिकडे मीठ खालून येतं, आणि हिवाळ्याचे चार-पाच महिनेच येतं. म्हणून त्यांचा इलाजही खालून आणि वर्षातून एकदा. त्यांच्याकडचे जाणकार आणखी एक गोष्ट सांगतात: बर्फातून आणलेली गाडी ऊबदार गॅरेजमध्ये उभी केली तर ती बाहेरच्यापेक्षा लवकर गंजते. थंडीत गंजाची गती मंद असते. उबेत बर्फ वितळतो, खारं पाणी फटीत शिरतं आणि काम सुरू होतं.

आता आपल्याकडे बघा. आपलं गॅरेज बारा महिने ऊबदारच आहे. आणि मीठ रस्त्यावरून येत नाही, वाऱ्यावरून येतं. लाट फुटली की बारीक तुषार उडतात, वारा ते आत आणतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. तुषार वाटेत सुकले तरी क्षार गाडीवर बसतातच. सकाळी काचेवर बोट फिरवून जिभेला लावून बघा, कळेल.

हे मीठ नुसतं बसून राहत नाही, ते हवेतली ओल ओढतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी होतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदूळ का घालतात, ते आठवा. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर 33 टक्क्यांनाच ओलं होतं. आपल्या किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे आर्द्रता वर्षातले बहुतेक दिवस 75 च्या वर असते. म्हणजे तुम्हाला कोरडी वाटणारी गाडी पहाटे खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली उभी असते.

यातून जे निघतं, ते ऐकून गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहतं. पावसाळ्यात गाडी खराब होते असं सगळे धरून चालतात. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण पावसाचं पाणी गोडं असतं. उघड्या भागावरचं मीठ तो धुऊनच नेतो. मीठ साचतं ते ऑक्टोबर ते मे, आणि तेही जिथे पाऊस कधीच पोचत नाही तिथे: चाकाच्या कमानीत आतल्या बाजूला, दाराच्या पोकळीत, बंपरमागे, इंजिनाखालच्या फ्रेमवर. पुढे जूनमध्ये तिथे चिखल जाऊन बसला, की मीठ, माती, ओल आणि ऊब असे चारही सोबती एकत्र येतात. तुमची गाडी पोर्चमध्ये उभी असते असं तुम्ही लिहिलंय. पोर्चचं तोंड समुद्राकडे असेल तर उघड्यावर उभ्या गाडीपेक्षा तिच्यावर जास्त मीठ साचत असेल. वारा आत येतो, पाऊस येत नाही.

यात काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत, त्या मान्य करूनच पुढे जातो. समुद्रापासून पहिल्या दोन-तीनशे मीटरांत हवेतलं मीठ झपाट्याने कमी होतं. मध्ये माडांची दाट रांग किंवा टेकडी असली तर आणखी कमी. समुद्रापासून लांब, आत साखळी-वाळपईकडच्या माणसाला मी यातलं अर्धंही करायला सांगणार नाही. त्याचा त्रास चिखलाचा असतो, मिठाचा नाही. गाडी रोज चालते की आठवडाभर उभी असते, यानेही फरक पडतो. चालणारी गाडी वाऱ्याने आणि इंजिनाच्या उष्णतेने वाळते. समुद्राकाठी सुट्टीपुरतं घर घेतलेल्यांच्या गाड्या माझ्याकडे सगळ्यात वाईट अवस्थेत येतात. मीटरवर बारा हजार किलोमीटर, आणि खालचा पत्रा वीस वर्षांच्या टेम्पोसारखा.

सासऱ्यांच्या डांबराबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा जुलै महिन्यात एका गिऱ्हाइकाने गाडी आणली. खाली थोडा गंज होता. मी तारेच्या ब्रशने वरवर घासलं, फडक्याने पुसलं आणि काळा जाड थर चढवला. गाडी खालून नवी कोरी दिसायला लागली. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. दोन-अडीच वर्षांनी तीच गाडी परत आली. जॅक लावला तर पॅड आत घुसला. काळा थर जागच्या जागी होता, त्याच्यामागचा पत्राच गायब. जुलैच्या हवेत पत्रा वाळला नव्हता, फटींत मीठ होतं, आणि मी त्यावर झाकण घालून ठेवलं होतं. त्या माणसाचा पत्रा मी पदरमोड करून बदलून दिला. तेव्हापासून पावसाळ्यात अंडरकोटिंग करत नाही, कोणी कितीही गळ घातली तरी.

म्हणजे डांबर, किंवा आता रबर मिसळलेलं जे मिळतं ते, वाईट असतं असं नाही. नव्या कोऱ्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर ते खड्यांचा मार चांगला झेलतं. पण काही वर्षांत ते कडक होतं, त्याला चीर पडते, चिरेतून खारं पाणी आत जातं आणि मग बाहेर यायला वाट नसते. पाच वर्षांच्या गाडीवर ते मारायचं तर आधी खालचा भाग पूर्ण साफ करून, गंज काढून, इपॉक्सी प्रायमर मारावा लागतो. एवढं काम कोणी 'आज टाका, संध्याकाळी न्या' म्हणून करत नसतं. तसं सांगणारा भेटला तर गाडी वळवून घरी आणा.

मेहुण्याच्या तेलाच्याच धर्तीचे, मेणासारखे किंवा लॅनोलिनचे थर मला आपल्या हवेला जास्त पटतात. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. हे थर मऊ राहतात, चीर पडत नाही, फटीत ओघळत जातात आणि थोडं खरचटलं तरी आजूबाजूचं मेण सरकून जागा झाकतं. तोटा असा की ते कायमचं नसतं. चाकांच्या कमानीत तर आपल्या एका पावसाळ्यातच उडून जातं. म्हणून मी एप्रिल-मेमध्ये सगळीकडे मारतो आणि चवथीचा, म्हणजे गणपतीतला, पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फक्त कमानीत परत एक हात देतो. उन्हाळ्यातच का, तर पत्रा आतून वाळलेला असण्याची खात्री आपल्याकडे तेवढे दोन महिनेच देता येते. धुतल्यावर निदान एक दिवस गाडी उन्हात चारी दारं उघडी ठेवून उभी करतो, मग हात लावतो. ब्रेकच्या डिस्कवर, सायलेन्सरवर आणि रबरी बुशांवर ते उडू नये म्हणून आधी झाकून घ्यायला सांगा.

जळकं ऑइल मारायचा सल्लाही कोणीतरी देईलच. ट्रकवाले, होडीवाले वर्षानुवर्षं मारत आलेत. मी नको म्हणतो. त्यात इंजिनातली आम्लं आणि घाण असते, रबर फुगतं, आणि ते ठिबकून तुमच्या अंगणातून विहिरीत जातं ते वेगळंच.

सिरॅमिकवर फार वेळ घालवत नाही. ते वरच्या रंगाला चकाकी देतं, धुणं सोपं करतं, पक्ष्यांच्या विष्ठेपासून थोडं वाचवतं. पण तुमचा फुगवटा दाराच्या आतून आलाय. बाहेरून काचेसारखा रंग केला म्हणून आतून आलेलं पाणी थांबत नाही.

आता आतलं म्हणजे काय, तर कारखान्यात गाडीचा सांगाडा आख्खा प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने तो थर कोनाकोपऱ्यात बसवतात. हल्लीच्या गाड्यांत बरेच पत्रे जस्ताचा थर दिलेले असतात. म्हणून जुन्या गाड्यांसारखी छपरापासून तळापर्यंतची चाळण आता दिसत नाही. गंज सुरू होतो तो ठरावीक जागी: दाराच्या खालच्या दुमडीत, दोन पत्रे जोडलेल्या सांध्यात, आणि पंक्चरवाला जॅक लावतो त्या कडेला. ती कडा जॅकखाली दबली की थर फुटतो. दोन पंक्चर म्हणजे गंजाला दोन दारं. जॅकवर रबराचा तुकडा ठेवायला सांगा, नाहीतर स्वतः डिकीत एक ठेवा.

मांडवीवरचा जुना पूल 1986 च्या जुलैत कोसळला, ते इथल्या जुन्या माणसांना अजून आठवतं. पुढे कित्येक वर्षं लोक फेरीबोटीने नदी ओलांडत होते. तो पूल वरून धडधाकट दिसत होता. गंज चढला होता तो काँक्रीटच्या पोटातल्या ताणलेल्या तारांना. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी हेच उदाहरण देतो, कारण पोरगं गाडीभोवती फेरी मारतं आणि 'गंज नाही' म्हणून मोकळं होतं.

तेव्हा कोटिंगआधी पाणी जायच्या वाटा. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन भोकं असतात. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटातून त्या वाटेने खाली पडतं. आपल्याकडे धूळ, माडाचा तुरा आणि लाल माती मिळून ती भोकं बुजतात. मग दार हलवलं की आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो. तार घालू नका, रंग खरवडला जातो. झाडूची एक हीर घ्या आणि ती फिरवून भोक मोकळं करा. तशीच भोकं दाराखालच्या उंबऱ्यालाही असतात. वायपरखालच्या जाळीत पानं अडकतात, ती हाताने काढा. सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्या. हे पावसाळ्यात महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटांचं काम. माझ्या मते तुमच्या दाराचा निम्मा इलाज या हिरीतच आहे.

धुण्याबद्दल. समुद्राजवळच्या गाडीला आठवड्यातून एकदा खालून गोड्या पाण्याचा फवारा हवा. साबण असो नसो. प्रेशरचं यंत्र असेल तर चाकाच्या कमानीत वरच्या बाजूला, बंपरमागे आणि उंबऱ्याखाली मारा. इंजिनाच्या वायरिंगच्या कपलरवर मात्र जवळून मारू नका. आणि पाणी खरंच गोडं आहे का, ते बघा. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरी आणि बोअरवेल एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. मांद्र्याचेच एक गृहस्थ दोन वर्षं मोठ्या निष्ठेने रोज गाडी धूत होते आणि गाडी शेजाऱ्याच्या न धुतलेल्या गाडीच्या आधी गंजली. बोअरचं पाणी चाखून बघितलं, तर चहा नासवेल इतकं खारं. शंका आली तर नळाचं पाणी वापरा, नाहीतर सरळ आत म्हापशाकडे येऊन धुऊन घ्या.

लाल मातीची एक गंमत आहे. आपल्याकडे मातीचा रंग आणि गंजाचा रंग एकच. खालून बघितलं की सगळंच तांबूस दिसतं. घाबरट माणसाला चिखलही गंज वाटतो आणि बेफिकीर माणसाला गंजही चिखल वाटतो. म्हणून न धुता तपासणी करू नका, आणि कोणी न धुता तपासून 'खाली सगळं गेलंय' म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

काही सवयी पटकन सांगतो. फेरीबोटीच्या धक्क्यावर चढता-उतरता चाकं पाण्यातून जातात. पावसाळ्यात नदीचं पाणी जवळजवळ गोडं असतं, पण मार्च ते मे ते चांगलंच खारं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर खालून पाणी मारा. गाडी किनाऱ्यावर वाळूत नेऊ नका. एक तर त्याला बंदी आहे, आणि रुतलेली गाडी भरतीच्या पाण्यातून बाहेर काढून माझ्याकडे आली की मला तरी काय करता येणार? प्लास्टिकचं कव्हर घालू नका. आत घाम धरतो आणि वाऱ्याने घासून रंगही जातो. उघडा, हवेशीर आडोसा कव्हरपेक्षा बरा. आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडा. नाहीतर मागचे ब्रेक चिकटून बसतात. पावसाच्या सकाळी डिस्कवर केशरी थर दिसला तर घाबरू नका, दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो.

आणि नुस्तं, म्हणजे मासळी. हे पुण्याहून आलेल्यांना कोणी सांगत नाही. बाजारातून आणलेली मासळीची पिशवी डिकीत ठेवतात, बर्फ वितळतो, खारं पाणी गालिच्याखालून स्टेपनीच्या खळग्यात जाऊन साचतं. वरून परफ्यूम मारून वास घालवतात, पाणी तसंच. मी स्टेपनी उचलल्यावर खाली नाण्याएवढं भोक असलेली गाडी बघितली आहे. एक झाकणाचा डबा ठेवा डिकीत, एवढंच.

पत्र्याइतकंच दुर्लक्ष विजेच्या जोडांकडे होतं. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरं पीठ जमतं ते दिसतं तरी. पण बॉडीला घट्ट केलेल्या अर्थच्या वायरी गंजल्या की लाइट मंद होणं, सेन्सरचे भलतेच दिवे लागणं असले भुताटकीचे प्रकार सुरू होतात आणि माणूस महागडे पार्ट बदलत बसतो. वर्षातून एकदा ते बोल्ट सोडवून, घासून, ग्रीस लावून परत आवळून घ्या. एसीचा पुढचा कंडेन्सर ॲल्युमिनियमचा असतो. त्यावरही हलक्या हाताने गोडं पाणी मारत चला. समुद्राकाठी तो लवकर जातो, आणि त्यावर माझ्याकडेही वेगळी जादू नाही.

तर तुमच्यासाठी माझा क्रम असा राहील: हीर आजच, खालून धुणं या रविवारपासून, दाराचं काम पाऊस थांबल्यावर, आणि पोकळ्यांसकट खालचं मेण येत्या एप्रिल-मेमध्ये. पोर्चमध्ये गाडी शक्य असेल तर उलटी लावा, वाऱ्याकडे पाठ करून. इंजिनाच्या बाजूला तेवढंच मीठ कमी.

दाराच्या फुगवट्याचं एक तपासून सांगा. तो भाग कोरडा असताना नखाने हलकेच दाबा. रंग रबरासारखा दबून परत वर आला तर पाणी रंगाखाली आहे आणि पत्रा अजून शाबूत असायची शक्यता आहे. घासून, इपॉक्सी प्रायमर आणि रंग केला की भागेल. कुरकुरीत आवाज आला किंवा नख आत गेलं तर दुमडीतला पत्रा गेलाय, तो कापून नवा जोडावा लागेल. त्यावर पुट्टी भरून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पुट्टी पाणी पिते, आणि पुढच्या चवथीपर्यंत फुगवटा परत येतो. दाबून बघितल्यावर काय झालं ते आणि दाराखालची भोकं किती बुजलेली निघाली ते इथेच लिहा, मग पुढचं बोलू.